वहिनीचा श्वास

पटो न पटो, हे घडलंय. माझ्या सख्ख्या वहिनीच्या बाबतीत. तेही भरदुपारी.

मी अँब्युलन्सवर नर्स आहे. त्या दिवशी फोन आला तो दादाचाच. खुराड्यातून अंडी काढताना वहिनीच्या हाताला नाग चावला होता.

पोचले तर दादा दोरी घेऊन तयार! "आवळू नकोस," मी ओरडले. वहिनीची अंगठी काढली, हाताला फळी लावली. तिला एक पाऊलही चालू दिलं नाही.

"अंडी नाही फुटली हं, ताई," वहिनी म्हणाली.

इथे आमचा जीव टांगणीला, आणि हिला अंड्यांची पडलेली!

दादा पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. मागे आम्ही दोघीच. मी तिच्या उशाशी, ड्रायव्हरच्या आणि आमच्या मधल्या काचेकडे पाठ करून.

अर्ध्या वाटेत तिच्या पापण्या मिटायला लागल्या. जीभ जड झाली.

मग छाती हलायची थांबली...

पण मानेला नाडी लागत होती. मी तोंडावर मास्क धरला आणि श्वासाचा फुगा दाबायला लागले. मी दाबला तर तिला श्वास. थांबले की संपलं.

त्यात पुढे रेल्वेचं फाटक बंद. माझ्या हाताला पेटके आले. रडू आवरेना.

आणि पाठीमागून आवाज आला...

"सोड आता. गेली ती."

"दादा, गप्प बस!" मी मागे न बघताच किंचाळले. "मी नाही सोडणार!"

फाटक उघडलं. गाडी सुटली.

"सोड गं... दमलीस."

माझ्या बोटांवर कुणाची तरी बोटं आली. थंडगार. माझं एकेक बोट फुग्यावरून उचलायला लागली...

मी जिवाच्या आकांतानं दाबत राहिले.

हॉस्पिटलला दार उघडलं, तेव्हा माझ्या मागे कुणीच नव्हतं. दादा पुढून उतरला. मधली काच बंद होती.

वहिनी वाचली. घशातली नळी निघाल्यावर म्हणाली, "मला हलता येत नव्हतं. पण ऐकू सगळं येत होतं."

"मग तो आवाज? कुणाचा होता?"

तिनं चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"दोन्ही आवाज तुमचेच होते, ताई."

मी ते बोलले नव्हते. आईशप्पथ, नव्हते बोलले!

वहिनी अजूनही माझ्याशी हसते, बोलते. पण परवा ती जरा आडवी झाली होती. मी सहज उशाशी जाऊन बसले...

तशी ती उठली, आणि भिंतीला पाठ लावून बसली.