मोडून पाहायच्या भेंड्या

अकोल्याच्या बाजारात भेंडी घेणाऱ्याला एक खोड असते. भाव विचारायच्या आधी तो भेंडीचं टोक मोडून पाहतो. कटकन मोडलं तर कोवळी, नुसतं वाकलं तर निबर. घ्यायची असो नसो, मोडायची मात्र नक्की. त्या दिवशी रागिणीच्या दुकानासमोर उकिडवं बसलेल्या तरुणानं ओळीनं सात भेंड्या मोडल्या आणि आठवीला हात घातला.

"ओ भाऊ, भाजी घेऊन राहिले का नुसत्या माना मोडून राहिले?"

त्यानं वर पाहिलं. बोटं काळी, केसांत कूलरच्या गवताचा भुसा, आणि डोळे... रागिणीला ते डोळे आवडले. हे कबूल करायला तिला पुढे महिना लागला, पण आवडले ते तेव्हाच.

"सवय हाय हो," तो ओशाळून म्हणाला. "सारेच मोडतात."

"सारेच मोडतात, अन् उरलेल्या बिनशेंड्याच्या भेंड्या माही माय घरी रांधते. रोज भेंडी! वीट आला मले."

मोडलेल्या सातही त्यानं निमूट पिशवीत टाकल्या, वर अर्धा किलो घेतली. मग खिशातून एक मळकी वही काढून काहीतरी लिहिलं.

"काय लिहून राहिले?"

"तुमची कटकट."

त्याचं नाव नितेश. उन्हाळ्याचे चार महिने तो अकोल्यात एका कारखान्यात कूलर बनवायचा, उरलेले आठ महिने अकोटकडच्या गावी घरची शेती करायचा. वहीत लोकांच्या बारीकसारीक कटकटी टिपायचा आणि रिकाम्या वेळात त्यांच्यावर उपाय करायचा. कुकरच्या शिट्ट्या मोजणारं चक्र, उन्हात तापलेल्या गाडीच्या सीटवर टाकायचं खसाचं आसन, असलं काहीबाही. निम्मे उपाय मूळ कटकटीपेक्षा जास्त त्रास द्यायचे. पण पठ्ठ्याचा उत्साह काही कमी होत नसे.

चौथ्या दिवशी तो तारेची जाळी घेऊन आला. भेंड्या दिसतील, टोकं हाती लागणार नाहीत. बायांनी जाळी उचलून बाजूला ठेवली आणि टोकं मोडली. पुढच्या आठवड्यात घंटी आली, ढिगाला हात लागला की वाजणारी. तिचा तर बाजारभर बोभाटा झाला. ज्यांना भेंडी खायची नव्हती तेही घंटी वाजवायला येऊ लागले.

"तुमच्या घंटीनं माही माय बहिरी व्हायची पाळी आली," रागिणी म्हणाली.

"मंग काढून नेऊ?"

"न्या की. पण... दुसरं काही घेऊन येसान ना?"

तो घंटीचे स्क्रू काढत होता. एक स्क्रू हातातून निसटला — शोधायला दोघंही वाकले, आणि ओल्या गोणपाटावर त्याच्या बोटांना तिची बोटं लागली. स्क्रू सापडल्यावरही दोघांनी बराच वेळ शोधणं चालू ठेवलं.

शेवटी उपाय सुचला तो रागिणीलाच. ढिगाशेजारी एक वाटी ठेवायची, तीत दहा भेंड्या. या मोडून पाहा, त्या विकत घ्या. नितेशनं पत्र्यावर तशी पाटी रंगवून दिली. चार दिवस झकास चाललं. पाचव्या दिवशी सत्यभामाकाकू, नेहमीचं गिऱ्हाईक, पिशवी परत घेऊन आल्या.

"वाटीत लोण्यावानी, अन् पिशवीत लाकडं? काहून वो सुभद्राबाई?"

सुभद्राबाई म्हणजे रागिणीची आई. त्यांनी रोज सकाळी ढिगातल्या कोवळ्या भेंड्या वेचून वाटीत भरल्या होत्या. "मंग वाटीत का निबर ठेवू?" त्या म्हणाल्या.

"मावशी," नितेश हळूच म्हणाला, "डोळे मिटून उचला अन् वाटीत टाका. जशा असतीन तशा."

सुभद्राबाईंना राग आला. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी तसंच केलं, आणि गिऱ्हाईक पुन्हा वाटीला मानू लागलं.

आता खरं तर नितेशला यायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी तो यायचा. पाटीचा रंग उडाला का पाहायला, वाटी गळते का पाहायला. वाटी कशाला गळेल! बोलायचं मात्र नाव नाही. रागिणी वाट पाहून थकली, आणि तशात स्थळ आलं. अमरावतीचा नोकरीवाला मुलगा, रविवारी अकरा वाजता पाहायला येणार. आई हरखून गेली. रागिणी नाही. अमरावतीत वाईट काहीच नव्हतं. नितेश नव्हता, एवढंच.

शुक्रवारी दुपारी ती कूलरच्या कारखान्यात गेली. ओल्या खसाचा वास, पंख्यांची घरघर.

"माही एक कटकट हाय. लिहा."

त्यानं वही उघडली.

"रविवारी मले पाहाले पाहुणे येऊन राहिले."

पेन्सिल थांबली. "किती... किती जण?"

"पाच. काहून, खुर्च्या बनवता का?"

"नाही, म्हणजे... एसटीनं येतात का गाडीनं? गाडी असन तर वाटेत टायर—"

"नितेश!"

तिनं पहिल्यांदाच त्याला नावानं हाक मारली होती. कारखान्यातल्या दोघा कारागिरांनी नीट ऐकू यावं म्हणून पंखे बंद केले.

"साऱ्या अकोल्याच्या कटकटी समजतात तुमाले. माही समजत नाही का?"

"समजते," तो खाली पाहत म्हणाला. "मले बी तीच हाय. महिना झाला. पण... याच्यावर काही बनवता येत नाही ना, रागिणी. तुमच्या आईसमोर उभं राहा लागते. अन् मले तेच जमत नाही."

"मंग अमरावती काही दूर नाही," ती म्हणाली आणि निघाली. तिनं वळून पाहिलं नाही.

शनिवारी ऐन गर्दीत नितेश बाजारात आला. हात रिकामे. रागिणीकडं न पाहता तो थेट सुभद्राबाईंसमोर उभा राहिला.

"मावशी, मले रागिणीसंगं लग्न करायचं हाय. तिची मर्जी असन तरच. तिले विचारा."

रागिणी कोणाची तरी वांगी तोलत होती. "हाय," ती काट्याकडं पाहतच म्हणाली.

सुभद्राबाईंनी त्याला पायापासून वरपर्यंत न्याहाळलं. "नोकरी?"

"नाही. चार महिने कूलर, बाकी शेती. पाच एकर. विहीर हाय, पण पाणी होळीपर्यंतच पुरते. माय तोंडाची फटकळ हाय. अन् मी बनवतो त्यातलं निम्मं चालत नाही."

"अन् चालते ते?"

"ते... रागिणीनं सुचवलेलं असते."

या वर्षात सुभद्राबाईंनी लेकीसाठी तीन स्थळं ऐकली होती. विहिरीचं पाणी कधी आटतं हे एकानंही आपणहून सांगितलं नव्हतं. वांग्यांचं गिऱ्हाईक पिशवी उघडी धरून तसंच उभं राहिलं होतं.

"अमरावतीचे अकराले येतीन," त्या शेवटी म्हणाल्या. "तुमी दहाले या. मायबापाले घेऊन."