दोन हिरवे ठिपके

माझा धाकटा भाऊ बेकरी चालवतो आणि त्याला पिठाचा दमा आहे. हे ऐकलं की लोक आधी हसतात आणि मग चेहरा सावरतात. तो स्वतः मात्र खुशाल हसतो. "न्हाव्याला केसांची शिसारी असावी, तसं झालंय माझं," म्हणतो. चाळिशी ओलांडली तरी मी त्याला छोट्याच म्हणते. आईबाबा गेल्यापासून आम्ही दोघंच. खाली बेकरी, वर आमच्या खोल्या. भट्टी पेटली की जिना उबदार होतो आणि माझ्या प्रयोगशाळेच्या पांढऱ्या कोटालाही पावाचा वास लागतो.

मी दम्यावर संशोधन करते. फुप्फुसातल्या मास्ट पेशी हा माझा विषय. श्वासनलिकेच्या अस्तरात पहाऱ्याला बसलेल्या या पेशी पोटात रसायनांचे दाणे भरून असतात. शत्रू आला की दाणे फोडायचे, एवढंच त्यांचं काम. दमेकऱ्याच्या पेशींना साधं पीठही शत्रू वाटतं. दाणे फुटतात, नळ्या आवळतात आणि भरल्या हवेत बसून माणूस हवेसाठी तडफडतो.

लहानपणी छोट्याला झटका आला की आई औषध आणेपर्यंत मी त्याच्या पाठीवर तळहात ठेवून बसायचे. "माझ्यासोबत घे. माझ्यासोबत सोड." त्याची छाती शिट्ट्या वाजवायची आणि हळूहळू माझ्या लयीवर यायची. या विषयाकडे मी का वळले, असं कुणी विचारलं की मी काहीतरी भारदस्त उत्तर देते. खरं उत्तर एवढंच आहे.

आमच्या अभ्यासाला नमुने हवे होते, तेव्हा तो आपणहून आला. "रोज फुकट पाव खातेस, आता पेशीही घे." रुग्णालयात त्याच्या फुप्फुसात बारीक दुर्बीण घालून आतला भाग धुऊन ते पाणी काढलं. त्यातून वेगळ्या केलेल्या मास्ट पेशी माझ्या काचेच्या बशीत आल्या.

पहिला प्रयोग आमच्या तंत्रज्ञ मुलीने केला. सतत चिवचिवते म्हणून तिला सगळे चिमणी म्हणतात. तिने बशीत पिठाचा अर्क सोडला आणि पेशी भराभर फुटल्या. अपेक्षेप्रमाणेच. मग मी सूक्ष्मदर्शकापाशी बसले, तोच अर्क सोडला आणि वाट पाहिली.

काहीच झालं नाही. दाणे जागच्या जागी, पेशी शांत.

"तुमचा धाक आहे, मॅडम," चिमणी म्हणाली.

मी अर्क बदलला, तापमान तपासलं, बशी बदलली. ती बसली की पेशी फुटत, मी बसले की नाही. इतर रुग्णांच्या पेशी माझ्यासमोरही मुकाट फुटत होत्या. फक्त छोट्याच्या फुटत नव्हत्या.

"एक विचारू?" चिमणी म्हणाली. "या पेशी बघताना तुम्ही काय पुटपुटता?"

"कुठे काय?"

"घे, सोड... असंच काहीतरी."

मी तिला कामाला लावलं. ती गेल्यावर ओठ मिटून, श्वासाची लय मुद्दाम मोडत पुन्हा बसले. पेशी फुटल्या.

त्या दिवसाची नोंद मी वहीत कोरीच सोडली. लिहिणार तरी काय?

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी भट्टीवरच्या कामगाराचा फोन आला. बेकरीत पिठाचं पोतं फाटलं होतं. मी पोहोचले तेव्हा छोट्या रुग्णालयाच्या पलंगावर बसला होता, दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून. पापण्या अजून पांढऱ्या, ओठ जांभळे. छातीतून शिट्टीसुद्धा येत नव्हती. शिट्टी थांबणं म्हणजे हवाच आत जात नाही, हे मला चांगलं माहीत होतं.

"औषधांना दाद देत नाहीत," डॉक्टर म्हणाले. "घशातून नळी घालावी लागेल. तुम्ही बाहेर थांबा."

"एवढी तयारी होईपर्यंत बसू द्या," मी म्हटलं आणि त्याच्या मागे पलंगावर चढले. घामाने भिजलेल्या पाठीवर तळहात ठेवला.

"छोट्या, माझ्यासोबत घे."

त्याला जमेना. मीच घेतला, मीच सोडला. पुन्हा घेतला. हाताखाली पाठ लाकडासारखी ताठ होती. मग कुठेतरी आत काहीतरी सैल झालं. त्याच वेळी माझ्या तळव्यातली ऊब निघून गेली, कुणी भांडं उपडं करावं तशी. गारवा कोपरापर्यंत चढला. मी हात काढला नाही.

डॉक्टर नळी हातात धरून तसेच उभे राहिले.

"ताई," बऱ्याच वेळाने छोट्या म्हणाला, "केवढा गार आहे तुझा हात." आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेला.

त्यानंतर त्याला झटका आला नाही. त्याचा श्वासाच्या औषधाचा फवारा कपाटात धूळ खात पडला. तो कोपरापर्यंत पिठात हात घालून कणीक मळायचा, शिंकायचासुद्धा नाही. मी जिन्यात उभी राहून बघायचे आणि उगाचच डोळे भरायचे. डॉक्टर चक्रावले. त्यांनी पुन्हा दुर्बीण घातली आणि नवा नमुना माझ्याकडे पाठवला.

नमुन्यांची सरमिसळ होऊ नये म्हणून आम्ही पेशींतली लिंग ठरवणारी गुणसूत्रं रंगवून पाहतो. पुरुषाच्या पेशीत एक हिरवा आणि एक लाल ठिपका चमकतो, बाईच्या पेशीत दोन हिरवे. छोट्याच्या जुन्या नमुन्यात प्रत्येक पेशीत हिरवा आणि लाल होता.

"मॅडम, अदलाबदल झालीय," चिमणी म्हणाली. "हा नमुना बाईचा आहे."

मी स्वतः पुन्हा रंगवला. दोन हिरवे. जिथे पाहावं तिथे दोन हिरवे. शेवटी त्या पेशींची जनुकं माझ्या रक्ताशी ताडून पाहिली.

जुळली.

थोरल्या भावंडाच्या मोजक्या पेशी आईच्या पोटातून धाकट्यात उतरू शकतात, हे मला ठाऊक आहे. मोजक्या. आणि जुन्या नमुन्यात तर एकही नव्हती. मला भीती वाटायला हवी होती. पण आधी हायसं वाटलं. त्याच्या छातीत आता मी पहाऱ्याला होते.

त्या दुपारी तो पाव घेऊन प्रयोगशाळेत आला. शेजारच्या खोलीत चिमणीला गिऱ्हाइकांचे किस्से सांगत बसला. मधलं दार उघडं होतं. मी त्याच्या जिवंत पेशींची बशी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली.

पेशी फुगत होत्या, ओसरत होत्या. सगळ्या एकदम.

मास्ट पेशी असं काही करत नाहीत.

ती लय ओळखायला मला थोडा वेळ लागला. ती माझी होती.

"...बाई अर्धा केक परत घेऊन आली," पलीकडे छोट्या सांगत होता. "म्हणाली, शिळा आहे. मी म्हटलं, मग अर्धा खाल्लात कशाला? तर म्हणते, खा—"

मी श्वास रोखला होता.

पेशी थांबल्या.

पलीकडे आवाज नव्हता. खुर्ची करकरली नाही, कागद वाजला नाही. मग चिमणीचा घाबरा आवाज: "दादा? अहो दादा!"

मी श्वास सोडला.

"—त्री करायला!" छोट्या म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला.

"असे मध्येच काय थांबलात?" चिमणीने विचारलं.

"मी? कुठे थांबलो?" मग त्याने मला हाक मारली. "ताई, मी थांबलो का गं मध्येच?"

"नाही रे," मी म्हटलं, आणि जपून पुढचा श्वास घेतला.