अर्धी सभासद

टोकियोजवळच्या उरायासू स्टेशनसमोर कोम्बिनीच्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानाच्या, दारात ठेवलेल्या पारदर्शक छत्र्या सगळ्या सारख्याच दिसतात. जयंतीने त्यातली एक उचलली, तसं मागून कुणीतरी मराठीत पुटपुटलं, "गेली आपली छत्री."

ती गर्रकन वळली. "तुमची कशावरून? माझ्या छत्रीच्या मुठीला निळा रबरबँड आहे."

"या मुठीला... नाहीये," तो मुलगा हळूच म्हणाला.

नव्हताच. तिची छत्री आधीच कुणीतरी नेली होती. मग त्याच्याच छत्रीतून दोघं निघाली. जयंती रागातच चालत होती, आणि तो स्वतःचा खांदा भिजवत.

तो विनय, नगरचा. त्याच्या पणजोबांनी अमेरिकन मिशनमध्ये बाप्तिस्मा घेतला होता. आठवडाभर बँकेचं सॉफ्टवेअर आणि रविवारी त्या मिशनऱ्यांच्या पूर्वजांचा धर्मविचार, एवढंच त्याचं जग. जयंती फिजिक्स शिकलेली, आणि निघाली त्याच्याच ऑफिसातली; ती शंका काढत राही आणि तो खुशीत उत्तरं देई. पानगळ आली तेव्हा तिच्या डब्यातली पोळी विनय न विचारता घेऊ लागला होता.

आज टोकियोतल्या मराठी ख्रिस्ती मंडळीपुढे त्याचं व्याख्यान होतं. "तू ये ना," असं त्यानेच म्हटलं होतं. दारात सगळ्यांत वडीलधाऱ्या अरुणामावशींनी विचारलं, "ही कोण रे?"

"ऑफिसमधल्या जयंतीसान," विनय म्हणाला.

सान! परक्या माणसाच्या नावाला जोडायचं ते जपानी आदरार्थी शेपूट! जयंतीची कानशिलं तापली.

विनय बोलू लागला. "न्यू इंग्लंडचे प्युरिटन मानत, की देवाची निवड आधीच झालेली असते. तरीही सभासद व्हायचं तर मंडळीपुढे उभं राहून सांगावं लागे, मन कसं पालटलं ते. त्यांच्या पुष्कळ मुलांना तशी साक्ष देता येईना. मग तोड काढली – अर्धं सभासदत्व. बाप्तिस्मा मिळेल, प्रभुभोजन नाही, मतही नाही."

जयंती उभी राहिली. "एक शंका. ही अर्धी माणसं किती थांबायची?"

"काही... आयुष्यभर."

"आणि साक्ष ज्याने द्यायची, त्याचीच वाचा बसली असेल तर?"

विनय टिपणं चाळू लागला.

"मला थांबायला जमणार नाही, विनयसान." तिने पर्स उचलली.

"जयंती, थांब." त्याने टिपणं बाजूला ठेवली. "मावशी, मी मघाशी खोटं बोललो. ही नुसती ऑफिसमधली नाही. हिची छत्री चोरीला गेली, त्या दिवसापासून मी हिचा आहे. घरी सांगायला घाबरलो, इथे सांगायलाही. आज रात्री नगरला फोन करतो."

मावशींनी चष्मा पुसला. "साक्ष ऐकली मंडळीनं. आता मत हिचं."

"मला अजून राग आहे," जयंती म्हणाली.

"किती?" विनयने विचारलं.

तिने दाराशी ठेवलेली आपली नवी पारदर्शक छत्री त्याच्या हातात कोंबली. मुठीला निळा रबरबँड होता.

"बाहेर चल. सांगते. आणि आज खांदा भिजवायचा नाही."