भुऱ्याचे केस

तुमच्या मांजरीचे केस निघतील ताई, काळजी करू नका. सोफ्याचं कापड तसं बरं आहे. मखमल असती तर लई छळलं असतं. भांडी घासायचे रबरी मोजे घ्यायचे, थोडे ओले करायचे आन् एकाच अंगानं हात ओढायचा. केसांची आपोआप वात वळून येते. मग चिकटपट्टी, मग धूळ ओढायचं मशीन. पाणी सगळ्यात शेवटी. आधीच धुतलं तर केस कापडात रुतून बसतात.

हे मला कुणी शिकवलं नाय. आमचं घराणं मेंढरं राखणारं, पाचोडकडचं. लोकरीत हात घालूनच वाढले. केस चिमटीत धरला की सांगते, जित्या जनावराचा आहे का मेलेल्याचा. मेलेल्याचा केस वाळल्या गवतासारखा लागतो, बोटाला धरतच नाय. अकरा वर्षं झाली, पुंडलिकनगरात घरकामं करते. ज्यांच्या घरी जनावर आहे ते मला मुद्दाम बोलावतात.

एका घराचं तेवढं सांगते. मोजे वाळेपर्यंत बसा.

मागच्या चैत्रात शीलाताईंचा फोन आला. त्यांचे मालक अंगददादा कंपनीत सुपरवायझर. एकुलती लेक, प्रांजली, आठ वर्षांची. दोन वर्षांची होती तेव्हापासून दमा. घरात भुऱ्या नावाचा कुत्रा, मोठा, तपकिरी, दाट केसांचा. पोरीच्या पायथ्याशी झोपायचा. डॉक्टरांनी सांगितलं, कुत्रा घरात ठेवू नका, केसांचा कणही राहू देऊ नका. रविवारी अंगददादांनी त्याला गाडीत घातलं आन् घेऊन गेले.

"वैजापूरकडं मित्राचं शेत आहे," ते मला म्हणाले. "तिथं सोडलाय. मजेत आहे."

बोलताना माझ्याकडं बघत नव्हते.

पहिल्या दिवशी सकाळपासून लागले. सोफा, पडदे, उशांचे अभ्रे, पायपुसणी, सगळं. गाद्या गच्चीवर नेऊन उन्हात झोडपल्या. दोन पिशव्या भरून केस निघाले. संध्याकाळी शीलाताईंनी काळी ओढणी सोफ्यावरून फिरवून बघितली, एक केस लागला नाय. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "आता माझी पोर मोकळा श्वास घेईल."

दुसऱ्या दिवशी सकाळीच परत फोन. धुतलेल्या, इस्त्री केलेल्या चादरीवर केस. सगळीकडं नाय, फक्त पायथ्याशी. गोल. जनावर अंग दुमडून झोपल्यावर राहतात तसे.

"गादीत राहिले असतील," अंगददादा म्हणाले आन् कामावर गेले.

मी परत सगळं काढलं. दुपारी शीलाताई औषधं आणायला खाली उतरल्या, मला म्हणाल्या, पोरीजवळ बसा. धूळ नको म्हणून खिडक्या बंद. त्यातच लाइट गेली. पंखा फिरत फिरत थांबला. पोर झोपली होती, छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज येत होता. बाकी सगळं चिडीचूप.

मग हॉलमधून आवाज आला. टिक... टिक... टिक... फरशीवर नखं वाजतात तसा. थांबत थांबत, एक पाय ओढल्यासारखा. खोलीत आला. पलंगापाशी थांबला. माझ्यासमोर काहीच नव्हतं ताई, नुसती भर दुपार. पण वास आला... तापल्या डांबराचा आन् वाळल्या रगताचा. गादीचा पायथा हळूहळू खाली दबला.

पोरीनं झोपेतच पाय बाजूला घेतले. जागा करून दिली.

आन् तिच्या छातीतली शिट्टी थांबली. श्वास संथ झाला, निरोगी लेकरासारखा. मी ते ऐकलं. पण भीतीनं माझं डोकं चाललं नाय.

लाइट आली तेव्हा पायथ्याशी केस होते. त्यात गोखरूचे काटे अडकलेले. मी एक केस चिमटीत धरला. बोटाला धरेना.

संध्याकाळी अंगददादा आले तसं मी दारातच विचारलं, "दादा, खरं सांगा. कुत्रं कुठं आहे?"

"सांगितलं ना, शेतावर."

"ते जितं नाय, दादा."

ते चपला न काढताच खाली बसले. शीलाताई आतून आल्या. म्हणाले, "मित्राचं शेत-बित काही नाही. वैजापूरच्या रस्त्यावर उतरवला. उतरत नव्हता... ढकलला. गाडीमागं पळत राहिला. मागून ट्रक आला. मी आरशात बघितलं."

"आन् थांबला नाय तुम्ही?"

"थांबलो असतो तर त्याला परत घेऊन यावं लागलं असतं," ते म्हणाले आन् तोंड झाकून रडायला लागले.

शीलाताई रडल्या नाय. मला म्हणाल्या, "वच्छलाबाई, उद्या सगळे काढा. आणि तो परत येणार नाही असं काहीतरी करा. माझ्या पोरीच्या जिवावर उठलाय तो."

मलाही तसंच वाटलं. त्याला मारलंय, तो सूड घेणारच. तिसऱ्या दिवशी मी नवी गादी, नव्या चादरी घातल्या. पोर पलंगाच्या कडेला बसून बघत होती.

"मावशी, भुऱ्या लई लांबून चालत येतो," ती म्हणाली. "दमतो. झोपू दे ना त्याला."

"तुला त्रास होतो ना बाळा त्याचा?"

"नाही. तो आला की होत नाही."

मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. खोलीचं दार लावलं आन् आमच्या देवाचा भंडारा आणला होता, त्याची रेघ उंबऱ्यावर ओढली. एक केस राहिला नव्हता त्या खोलीत.

दुपारी नखांचा आवाज आला. दारापर्यंत आला आन् थांबला. मग दार खरवडायला लागला. हळू, मग जोरात, मग सारखा.

पोर उठून बसली. छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. शीलाताईंनी पंप दिला. परत दिला. अंगददादा त्या दिवशी घरीच होते, ते हॉलमधूनच गाडी काढायला खाली पळाले. त्यांना ते खरवडणं ऐकू आलं नाय म्हणतात.

"मावशी... उघड..." पोरीचे ओठ निळे पडले होते. "उघड ना..."

शीलाताई ओरडल्या, "उघडू नका! त्याला आत घेऊ नका!"

माझा हात कडीवर होता, ताई. शपथेवर सांगते, कडीवर होता. नाय उघडली.

गाडी गेटपर्यंत येईस्तोवर पोर आईच्या हातात गेली. ती गेली तेव्हाच दारापलीकडचा आवाज थांबला.

आमच्या मेंढरांच्या वाड्यावर कोकरू आजारी पडलं की कुत्रं त्याला अंगाची ऊब देऊन रातभर पडून राहतं. मी हे लहानपणापासून बघितलेलं. मलाच कळायला पाहिजे होतं. त्या घरात ते कळण्यासारखी मी एकटीच होते.

पोर गेल्यावर तिसऱ्या दिवशी अंगददादांच्या आई, आवडाबाई, म्हणाल्या, "पीठ ठेवू. पाऊल उमटलं की पोरीला कंचा जन्म मिळाला ते तरी कळंल." जिथं जीव गेला तिथं फरशीवर पीठ पसरलं, मधोमध दिवा ठेवला, वर टोपली पालथी घातली. खोलीला बाहेरून कडी लावली. शीलाताई दाराला पाठ लावून बसून होत्या, झोपल्या नाय.

उजाडल्यावर कडी काढली. टोपलीच्या बाहेरचं पीठ तुडवलेलं होतं. मोठ्या कुत्र्याची पावलं, गोल गोल, राखणीचं कुत्रं कळपाभोवती फिरतं तशी. एक पाय ओढलेला.

आवडाबाईंनी टोपली उचलली. आतही पावलं होती. कुत्र्याचीच, पण इवली. पिलाची. नुकतं चालायला लागलेलं पिल्लू जसं अडखळतं, तशी.

शीलाताई पुढं आल्या, पिठाजवळ गुडघ्यावर बसल्या आन् त्या इवल्या पावलावर बोट ठेवून म्हणाल्या, "वच्छलाबाई, आता केस दिसले तरी काढायचे नाहीत."

मी त्यांना उठवायला वाकले, तेव्हा दिसलं. इवली पावलं टोपलीखालून बाहेर निघाली होती. मोठ्या पावलांच्या शेजारून, त्यांना धरून, पांढरी उमटत उमटत खोलीच्या पार टोकाला गेली होती. तिथं दोघांचीही पावलं भिंतीला जाऊन संपली. परत फिरल्याची खूण नाय.

ती बाहेरची भिंत आहे, ताई. तिच्यापलीकडं काहीच नाय, तीन मजले नुसती पोकळी.