कुरतडलेली अक्षरे

“चोरी झालेली नाही. गेलं काहीच नाही. उलट कुणीतरी माझ्या अक्षरांना दात लावून गेलंय,” बाई म्हणाल्या.

अक्काने पाण्याचा पेला पुढे केला. तिचा धाकटा भाऊ बापू शेजारीच होता. अक्का शोधकामे करी आणि बापू बरोबर जाई. त्याच्या मते मदतीला, अक्काच्या मते चहाला.

बाई अक्षरे घडवत. विद्यापीठाचे ग्रंथ, प्रबंध, वकील-डॉक्टरांचे अहवाल यांसाठी एक सॅन्स-सेरिफ फाँट, या एका कामाला त्यांनी उमेदीची वर्षे दिली होती.

“सॅन्स-सेरिफ म्हणजे काय हो?” बापूने विचारले.

“दागिने उतरवलेली अक्षरं. टोकांना शेपट्या नाहीत, रेघ सगळीकडे जवळपास सारखी. माणसानं दिवसभर वाचावं आणि अक्षराकडे लक्षच जाऊ नये.”

“लक्ष जाऊ नये म्हणून इतकी वर्षं?”

“तेच तर अवघड.”

बापूला ते पटले. कीर्तनात पेटीची साथ खरी रंगते तेव्हा पेटी वाजते आहे हेही कळत नाही, मन शब्दांतच राहते. तसेच हे.

“आज संध्याकाळी फाइल छापखान्यात जायची,” बाई सांगू लागल्या. “परवा बघते तर तळटिपांच्या बारीक अक्षरांत, सांध्यासांध्याला खाचा. मूळ प्रत जपलेली होती, ती पुन्हा घातली. आज सकाळी परत खाचा.”

“प्रत आहे, मग फाइल जाईलच,” अक्का म्हणाली. “माझ्याकडे का आलात?”

“कामाची खोली घरातच आहे. ये-जा करणारी आम्ही चार माणसं. माझ्याबरोबर अक्षरं काढणाऱ्या नणंदेला दुसऱ्या स्टुडिओचं बोलावणं आलंय. तिनं जाता जाता हे केलं असेल, तर आजच तिचं सामान बाहेर. आणि केलं नसेल... परवापासून मी तिच्याशी बोललेली नाही. पोरीला मीच रेघ मारायला शिकवली हो.”

खोली वरच्या मजल्यावर होती. भिंतभर छापील नमुने टाचलेले. पडद्यावर बाईंनी ‘भ’ ताटाएवढा केला. गाठ जिथे दांड्याला भिडते तिथे तिकोनी लचका तोडलेला होता.

“उंदरानं कुरतडल्यासारखं,” बापू पुटपुटला.

“शीर्षकांच्या मोठ्या अक्षरांत?” अक्काने विचारले.

“तिथे काही नाही. फक्त तळटिपांत. रेघा जवळ येतात तिथे खाच खोल, सुट्या आहेत तिथे नाहीच.”

“नीट मापून कुरतडलंय म्हणायचं.”

बाईंना हे बोलणे आवडले नाही. तेवढ्यात बापूच्या कपातला चहा एका नमुन्यावर सांडला. तो कानकोंडा झाला. पण थेंब मोत्यासारखा कागदावर बसून राहिला. रुमालाने टिपला तर डागही नाही.

“छपाईचा कागद हाच,” बाई म्हणाल्या. “गुळगुळीत. माझी प्रत्येक रेघ याच्यावर बेतलीय.”

जिन्याखालच्या टेबलाशी मुद्रिते तपासणारे गुरुजी तांबडी पेन्सिल घेऊन बसले होते.

“मला ही अक्षरं पसंत नाहीत, लपवत नाही,” ते म्हणाले. “उघडीबोडकी. पण कुरतडायची तर आधी ते यंत्र सुरू करावं लागेल, आणि मला बघून ते बंद पडतं. विचारा कुणालाही.”

“खरं आहे,” बाई म्हणाल्या. “मागे नुसता हात लावला तर दिवसभर काम बंद.”

बाईंचे यजमान खालच्या खोलीत हिशेब, पत्रव्यवहार आणि छापखान्याची बोलणी सांभाळत. त्यांनी आग्रहाने पुन्हा चहा दिला आणि बापूने इमानाने पुन्हा सांडला. या वेळी थेंब टेबलावरच्या कोऱ्या कागदात शिरला आणि पिंजारत पसरला. यजमानांनी घाईने वर फाइल ओढली.

“असू द्या. रद्दी आहे.”

“रद्दीसुद्धा नवीकोरी ठेवता,” अक्का हसून म्हणाली. “तुम्हाला येतं का हो अक्षर काढता?”

“माझी सही बँक दोनदा परत पाठवते. मी फक्त एवढं पाहिलं, की हे काम हिच्या हातचं जाऊ नये. गेलं असतं तर ती उभी राहिली नसती.”

नणंद वर खिडकीशी बसली होती. खरखरीत कागदाच्या कपट्यांवर शाईचे ठिपके टाकून ते कसे फुटतात ते पाहत होती. अक्का दिसताच तिने कपटे मुठीत चुरगाळले.

“दादाला यात ओढू नका. त्याला यातलं काही कळत नाही.”

“दादाचं नाव मी अजून घेतलंच नाही गं.”

नणंदेने मूठ मागे नेली.

“दुसरीकडे कधी जाणार?”

“वहिनीनं ठेवलं तर कशाला जाऊ?” तिचे डोळे भरले. “अक्षरं तिची आहेत. पण ती तशीच गेली तर...”

“तर?”

“काही नाही.”

जिना उतरताना बापू म्हणाला, “हिनंच केलं. चेहऱ्यावर लिहिलंय.”

“तुझा चष्मा कुठाय?”

“घरी.”

“मग चेहरे नको वाचूस. जपलेली आणि कुरतडलेली, दोन्ही फाइली घेऊन छापखान्यात जा. तळटिपांचं एकच पान दोन्हींतून छापून आण. कागद मात्र यजमानांच्या त्या रद्दीतला ने.”

कागद मागताच यजमानांचा चेहरा उतरला. पण त्यांनी दिले.

दुपार कलली तेव्हा सगळे वरच्या खोलीत जमले. अक्काने दोन छापील पाने बाईंपुढे ठेवली.

“यातलं तुमचं कोणतं?”

बाईंनी भिंग लावले. एका पानावर सांध्यांत शाई तुंबून गाठी भरल्या होत्या. ओळ मळकी दिसत होती. दुसऱ्या पानावर प्रत्येक अक्षर मोकळा श्वास घेत होते. बापूने डोकावले तर चष्म्याशिवाय त्याला तळटीप वाचता आली.

बाईंनी दुसऱ्या पानावर हात ठेवला. “हे माझं.”

“ते कुरतडलेलं आहे,” अक्का म्हणाली.

बाईंनी हात झटकन उचलला.

“सूड घ्यायचा तर माणूस शीर्षकं बिघडवतो, चारचौघांत दिसतील अशी. इथे फक्त बारीक अक्षरं, आणि खाचाही मापून. शिवाय उघडकीला आल्यावर पुन्हा तेच. म्हणजे त्याला अक्षरं बिघडवायची नव्हती; अशीच पाठवायची होती. कशासाठी? ते बापूच्या चहानं सांगितलं. वरच्या कागदावर थेंब बसून राहिला, खालच्यानं पिऊन टाकला. असल्या कागदावर शाई पसरते, सांधे बुजतात. आधीच खाच ठेवली तर शाई तिच्यात भरते आणि सांधा सरळ दिसतो. पडद्यावर जखम, कागदावर औषध.”

“पण कागद बदलला कुणी?” बाईंनी विचारले.

यजमान उठून उभे राहिले. “मी. विद्यापीठाला त्या गुळगुळीत कागदाचा खर्च झेपेना. ते जुन्याच फाँटवर परत जाणार होते. मी म्हटलं, कागद हलका घ्या, पण अक्षरं हिचीच ठेवा. तुला सांगितलं असतं तर तू काम सोडलं असतंस.”

“सोडलं असतं,” बाई हळूच म्हणाल्या.

“यांना कागद ठाऊक, पण रेघ येत नाही,” अक्का म्हणाली. “गुरुजींची यंत्राशी फारकत. रेघ येणारं आणि हाच कागद मुठीत चुरगाळणारं घरात एकच माणूस. खाचा का केल्या हे सांगायचं तर कागदाचं सांगावं लागणार, आणि कागदाचं सांगितलं की दादाचं घर पेटणार. तिनं चोर ठरणं पत्करलं.”

“छापखान्यात या कागदाचे गठ्ठे पाहिले मी,” नणंद खाली मान घालून म्हणाली. “तुम्हां दोघांत भांडण नको होतं मला.”

बाईंनी नवऱ्याकडे पाहिले. “तुमच्याशी नंतर बोलते.” ते खाली बसले.

मग बाईंनी पुन्हा भिंग उचलले आणि त्या पानावर बराच वेळ वाकून राहिल्या.

“‘ध’ची खाच जास्त खोल गेलीय,” बाई म्हणाल्या. “घाईत काढलीस.”

नणंदेने मान वर केली.

बाईंनी पायाने शेजारची खुर्ची पडद्यासमोर ओढली. “संध्याकाळपर्यंत व्हायला हवं. ये, बस इथे.”