बारक्याची चाल

वीज गेली, मोबाइलनीही माना टाकल्या, तेव्हा कुठे पुतण्यांना काका आठवले.

“काका, भुताची गोष्ट सांगा. पण खरी हं!”

“खरी की खोटी, देव जाणे. मी तिथे नव्हतो. ज्याच्यावर हा प्रसंग आला तो आमचा शेजारी, कवळ्या बनवायचा. थापा मारणारा माणूस नव्हे. माझ्याच ऐकण्यात काही चुकलं असेल तर...”

“काका, सांगा ना आता!”

गेल्या डिसेंबरातला दुसरा शनिवार. रात्रीचं जेवण उरकून कवळीवाला धाकट्या भावाची भाड्याची खोली रिकामी करायला गेला. सकाळी किल्ली मालकाला द्यायची होती. भाऊ म्हणजे बारक्या. दोघे एकाच लॅबमध्ये दातांचे साचे ओतायचे. कालवलेलं प्लास्टर घट्ट होताना घटकाभर तापतं. थंडीत बारक्या त्यावर हात शेकायचा. पंधरवड्यापूर्वी तो झोपेतच गेला. कवळीवाल्याच्या डोळ्यांतून अजून टिपूस आलं नव्हतं. त्याने शर्टांच्या घड्या घातल्या, गादी गुंडाळली, केर काढला. जणू परक्याचंच घर.

शेवटी राहिलं गेमचं यंत्र. ते चालूच होतं. टीव्ही लावला, तर पडद्यावर अंधारं तळघर, समोर बिनडोक्याचा राक्षस आणि अलीकडे दोन जखमी शिपाई. बारक्याने त्यांना नावं दिली होती, ‘दादा’ आणि ‘बारक्या’.

तो गेम चालींचा. आधी आपण चाल करायची, मग राक्षसाने. आपण थांबलो की तोही थांबतो. मेलेला परत येत नाही. आणि लढाई अर्धी सोडून यंत्र बंद केलं, तर सगळेच मेले.

“मी जेवून येईपर्यंत राक्षस ताटकळतो बिचारा,” बारक्या हसायचा. “तुझ्यापेक्षा सभ्य आहे, दादा.”

पंधरवडाभर तो ताटकळतच होता.

“मग खेळून संपवायचं ना!” थोरला पुतण्या म्हणाला.

“अरे, त्याला खेळता कुठे येत होतं? आणि बंद तरी कसं करणार? भावाचं तेवढंच चालू राहिलं होतं.”

गेमच्या रिमोटच्या बटणावर प्लास्टरचा वाळका ठसा होता. बारक्याचा अंगठा. कवळीवाल्याचा हात सवयीने खिशातल्या स्पिरिटच्या फडक्याकडे गेला. साच्यावरचा डाग पुसावा तसा त्याने तो पुसला.

बटण दाबलं गेलं.

चाल फुकट गेली. राक्षसाने हात उगारला. पडद्यावरचा बारक्या कोसळला.

दादा एकटा उरला. थेंबभर जीव. चाल त्याची.

कवळीवाल्याने रिमोट टेबलावर ठेवला. हात मांडीवर घेतले.

“आता काय करू रे?”

...

बाहेर रस्ता गप्प. पंखा बंद.

मग... टक्.

पडद्यावरच्या दादाने तलवार उचलली. एक घाव. राक्षस पडला.

काका थांबले.

“त्याने... रिमोटला हात लावला नव्हता?”

“नाही.”

“मग?”

“पुसलेल्या बटणावर ठसा होता. पांढरा. ओलसर. खोलीत प्लास्टरचा कण नव्हता. त्याने त्यावर आपला अंगठा टेकवला...”

काकांनी अंधारात नकळत अंगठा चोळला.

“गरम होता.”