शून्य थेंब

बंदरातल्या प्रत्येक बोटीच्या मागच्या टोकाला हल्ली एक हिरवा दिवा असतो. हिरवा म्हणजे शून्य थेंब. सुकाणूचा दांडा बोटीच्या बुडातून खाली पाण्यात उतरतो तिथं एक फट असते, आणि फट म्हटली की समुद्र आत येणारच. कोळ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या तिच्यात चरबीत भिजवलेली सुती दोरी ठासली. दोरी कुजायची, पाणी ठिबकायचं, पुन्हा नवी ठासायची. मग एका कंपनीनं ‘जीवसांध’ आणला.

जीवसांध म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या शेवाळाचा जाड लगदा. खारं पाणी लागलं की तो फुगून फट बुजवतो. फट कोरडी असेल तोवर वरच्या डबीतून त्याला खुराक मिळतो. थेंब आला की उपास. हिरवा दिवा नसेल तर बंदर सोडायचं नाही, असा नियमही लगोलग निघाला. हसुराम तांडेल या सगळ्याला ‘शेंबूड’ म्हणायचा. त्याची मुलगी भाविका दुसऱ्या बोटीची तांडेल, म्हणजे कप्तान, होती, आणि तिला तो शेंबूड पसंत होता. त्यावरून दोघांचं वाजलं. नारळी पौर्णिमेला ती नसताना हसुराम तिच्या बोटीवर चढला आणि ठासायच्या दोरीचं जुनं भेंडोळं काखेत मारून उतरला. “शेंबडावर भरवसा हाय ना? मग ही कशाला?” एवढं स्वतःशीच बोलून तो घरी गेला आणि त्याला फार बरं वाटलं.

आज त्याच्याच बोटीचं सुकाणू अडलं होतं. कंपनीचा निमिष सबनीस पांढरे बूट सांभाळत फळीवरून बोटीवर आला आणि सुकाणूकडे न बघता हातातल्या पडद्याकडे बघू लागला.

“गळती शून्य आहे काका. उत्तम सांध.”

“सुकाणू फिरत नाय.”

“ते आमच्याकडे येत नाही. आम्ही फक्त गळती बघतो.”

“म्हणजे मढ्याला ताप नाय, म्हणून घरी सोडताय,” हसुराम म्हणाला. असली शिकलेली माणसं त्यानं पुष्कळ पाहिली होती. त्यांना समुद्र पडद्यावर ओळखू येतो, पायाला लागला की बूट खराब होतात.

तो मागच्या खणात उतरला, पोटावर झोपला आणि विजेरी मारली. हिरवा लगदा दांड्यावर वीतभर चढला होता. खडकावर कालवं बसतात तसा टणक झाला होता. सुरी घातली तर टोक मोडलं. निमिषही नाइलाजानं खाली उतरला. त्यानं हात लावून बघितला आणि पहिल्यांदाच पडदा खिशात घातला.

“मासेमारी बंद होती तेव्हा बोट कुठे होती?”

“खाडीत. साठ दिवस. सुकाणू मधोमध आवळून बांधलेलं. सुटं ठेवलं तर भरतीला आपटून दांडा वाकतो. आमची रीत हाय ती.”

“सगळे बांधतात?”

“न बांधून सांगतात कोणाला? मी होडीतून फिरून एकेकाचं बघतो. आळशांना शिव्या घालून बांधायला लावतो.”

निमिषनं नखानं लगदा खरवडून बघितला. “साठ दिवस दांडा हलला नाही, म्हणून थेंब आला नाही, म्हणून खुराक चालू राहिला,” तो म्हणाला. “लगद्यातले जे धागे दांड्याला घट्ट धरून बसले ते पोसले, वाढले. सैल होते ते मेले. आता जो उरलाय तो दांडा हलूच देणार नाही. आणि दिवसेंदिवस आवळत जाईल.”

“किती बोटींत हाय हा?”

“साडेतीनशे. सगळ्यांचे दिवे हिरवे आहेत.”

आयुष्यभर दुसऱ्यांना मूर्ख म्हणणाऱ्या हसुरामला आपण त्या लगद्याला काय शिकवून बसलो ते कळलं, आणि त्याला स्वतःची किळस आली. खिशातला फोन वाजला. भाविका होती.

“बाबा, सुकाणू वळत नाय. इंजिन बंद केलंय. वारा खडकाकडं ढकलतोय आणि नांगर धरत नाय.”

“पहारीनं फोड तो शेंबूड. दांड्याभोवतीचा सगळा फोड.”

“त्यांना सांगा, सांध तोडला तर बोटीचा परवाना रद्द होतो,” निमिष पुटपुटला. मग हसुरामचं तोंड बघून त्यानं मान खाली घातली.

फोनमधून लोखंडाचे घाव ऐकू येत होते. बऱ्याच वेळानं काहीतरी तडकलं, खलाशी ओरडले, आणि पाण्याचा आवाज सुरू झाला.

“फिरलं बाबा! वळतंय. पण पाणी फार येतंय, पंपाला आवरत नाय. चटकन दोरी ठासते.” ती धापा टाकत होती. आजूबाजूला फळ्या उचलून टाकल्याचे आवाज आले. “नेहमीच्या खणात दिसत नाय. बाबा, ते भेंडोळं कुठं ठेवलंय?”